राजाच्या शालीतलं बाळ

बाळ पिवळं राहिलं तर त्यात सासूबाईंचा फायदा होता. हा हिशेब जावयाने जिना चढता चढताच मांडला. बाळ पिवळं, म्हणजे लेक आणखी महिनाभर माहेरी. लेक माहेरी, म्हणजे खाली नाटकाच्या कपड्यांच्या दुकानात शिवणयंत्रावर हुकमी माणूस. नाटकांचा हंगाम तोंडावर आला होता, आणि राजाच्या अंगरख्याला असं ठिगळ लावायचं की बघणाऱ्याला ते ठिगळच दागिना वाटावं, ही करामत लेकीच्या, म्हणजे राणीच्या, बोटांशिवाय त्या घरात कुणाकडे नव्हती. वहिनीचा हिशेब बरोबर उलटा. नणंद जितक्या लवकर आपल्या घरी जाईल तितकं बरं, म्हणून वहिनीला बाळ कधीपासूनच ठणठणीत दिसत होतं. राहता राहिला मेहुणा. त्याला यात ना नफा ना तोटा. आणि ज्याला नफा-तोटा नसतो तोच काहीतरी लपवून बसलेला असतो, हा जावयाचा धंद्यातला अनुभव.

धंदा विम्याचा. कुठे आग लागली, गोदामात पाणी शिरलं, मालाचा ट्रक उलटला की कंपनी या सर्व्हेअरला पाठवायची. हा राखेत काडी फिरवायचा आणि विचारायचा, “यात मिळणार कुणाला?” प्रश्न चांगला होता, त्याने दोन-तीन शेठ लोकांना घाम फोडला होता. पण घरी आणण्यासारखा नव्हता. राणी त्याला म्हणायची, “चपला बाहेर काढतोस ना, तसा हा प्रश्नही बाहेर काढून ये.”

माळ्यापर्यंत रचलेल्या ट्रंका, खुंट्यांवर दाढ्या, कपाटावर मुकुट, कोपऱ्यात देवदूताचे मळके पंख यांतून वाट काढत तो वरच्या खोलीत पोचला. सवयीने त्याने दाराशीच एक मोठा श्वास भरून घेतला आणि मग आत पाऊल टाकलं. या घरात त्याला माघारी ‘नाक’ म्हणत. लग्न ठरायच्या आधी पहिल्यांदा आला तेव्हा भाबडेपणाने विचारून बसला होता, “इथे कसला तरी वास येतोय का?” सासरे तेव्हा हयात होते. त्यांनी चष्मा काढून सांगितलं होतं, “आमच्या घराला चार पिढ्यांचा वास आहे, तुमच्या घराला कसलाच नसेल.” त्या दिवसापासून जावई या घरात तोंडाने श्वास घेत असे आणि वासाविषयी चकार शब्द काढत नसे.

“आलास? बघ कसा झोपलाय,” राणी म्हणाली. “सकाळपासून काही त्रास नाही.”

“प्यायला?”

“धरतो तोंडात, दोन घोट घेतो आणि झोपतो.”

“शहाणं आहे हो पोर,” सासूबाई म्हणाल्या. “रडत नाही, मागत नाही.”

“न मागणाऱ्या माणसाचा मला संशय येतो.”

“झालं सुरू!” वहिनीने हातातली घडी पलंगावर टाकली. “आठवड्याच्या पोरावर संशय. घ्या, त्याचाही जबाब घ्या. म्हणावं, जन्माला का आलास, यात तुला मिळणार काय?”

मेहुणा हसला. सासूबाई हसल्या नाहीत. जावयाने तेही टिपलं.

दवाखान्यातून बाळ घरी आलं तेव्हा त्याने स्वतः बघितलं होतं: रंग उतरलेला, काविळीचा आकडा उतरलेला. जन्मानंतर तिसऱ्या दिवशी सोळा होता. डोळ्यांवर पट्टी बांधून बाळाला निळ्या दिव्यांखाली ठेवलं, आणि अकरा झाल्यावर सोडलं. आता तर ते गुलाबी दिसत होतं. गालही गुलाबी, मूठही गुलाबी. सासूबाईंचा पदरही गुलाबी. भिंतही.

भिंत गुलाबी कशी?

त्याने खिडकीकडे पाहिलं. खिडकीला नाटकाचा जुना पडदा लावला होता, लाल मखमलीचा, जाडजूड. दुपारचं ऊन त्यातून गाळून आत येत होतं. त्या उजेडात मेलेला माणूससुद्धा नवरदेव दिसला असता.

“हा पडदा कुणी लावला?”

“मी,” सासूबाई म्हणाल्या. “बाळाला झोप लागावी म्हणून.”

“कधी?”

“आणलं त्याच दिवशी. का हो?”

त्याने उत्तर न देता पडदा सर्रकन बाजूला केला. खोलीत पांढरं ऊन सांडलं आणि सगळ्यांचे चेहरे आपापल्या रंगावर आले. बाळाचाही आला. कपाळ पिवळं, छाती पिवळी, पोट पिवळं, आणि त्याने चादर वर करून पाहिलं तर तळपायही पिवळे. कपाळावर अंगठा दाबून उचलला. एरवी तिथे क्षणभर पांढरं उमटायला हवं. तिथे हळदीचं बोट उमटलं.

मग सगळेच एकदम बोलले.

“बंद करा तो पडदा, डोळ्यांवर ऊन येतंय त्याच्या.”

“येऊ दे की आई, काविळीला ऊन चांगलंच,” वहिनी म्हणाली.

“ऊन चांगलं, तर मग पडदा कशाला होता?” जावई म्हणाला.

“म्हणजे काय म्हणायचंय तुम्हाला?” मेहुणा उठून उभा राहिला. “आई रंग लपवत होती? अहो, आमच्या घरची सगळी मुलं पिवळीच जन्मतात. मीही होतो. हो ना गं आई?”

सासूबाई बाळाच्या अंगावरची शाल नीट करत होत्या. त्यांनी ना हो म्हटलं, ना नाही. लेकाने सरळ विचारलेल्या प्रश्नाला आई उत्तर देत नाही, ही गोष्ट जावयाच्या दृष्टीने राखेत सापडलेल्या काडेपेटीएवढी होती.

“दवाखान्यात चला,” तो म्हणाला.

“पुन्हा?” वहिनी म्हणाली. “त्यांना काय, पलंग भरलेले हवेत. दिवा आहे ना विकत घेतलेला, मग त्याखाली कुणी तरी निजायला नको?”

एरवी हे वाक्य त्याचंच असतं. त्याला क्षणभर वहिनीचा हेवा वाटला. पण राणी बाळाच्या गालावर टिचक्या मारत होती, तळव्याला गुदगुल्या करत होती, आणि बाळ डोळा उघडत नव्हतं.

“अरे, हा उठत नाहीये,” ती म्हणाली, आणि आवाज फाटला.

मग हिशेब राहिले बाजूला. सासूबाईंनीच बाळाला शालीत गुंडाळून उचललं. ती शाल म्हणजे या घरचा अभिमान: दुकानातल्या पहिल्या राजाच्या शेल्यातून कापलेली, लोकरीची, काठाला विटकी जर. घरात जन्मलेलं प्रत्येक मूल तिच्यात गुंडाळायचं, आणि काम झालं की पुन्हा खालच्या ट्रंकेत ठेवायचं. दवाखान्यातून बाळ घरी आलं त्याच दिवशी सासूबाईंनी ती आपल्या हाताने काढून आणली होती.

दवाखान्यात टाचेतून रक्त घेतलं. आकडा आला चोवीस.

डॉक्टरबाई तरुण होत्या. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, बोलणं घाईचं पण स्पष्ट. बाळाला त्यांनी आधी दिव्यांखाली पाठवलं, वरून एक आणि खालून एक, आणि मग सगळ्यांना भिंतीवरच्या आलेखासमोर उभं केलं. आलेखावर चढत जाणाऱ्या तिरप्या रेघा होत्या.

“सोळा म्हणजे वाईट आणि दहा म्हणजे चांगलं, असं नसतं,” त्या म्हणाल्या. “बाळ किती तासांचं आहे, महिने पुरे भरले होते का, यावर ठरतं. आज त्याच्या वयाला ही वरची रेघ. बाळ तिच्या वर आहे.”

“पण हे येतं कुठून?” मेहुण्याने विचारलं.

“रक्तातल्या लाल पेशी जुन्या होऊन मोडतात. त्यातून एक पिवळा पदार्थ निघतो, बिलिरुबिन. यकृताने तो उचलायचा आणि शीमधून बाहेर टाकायचा. नव्या बाळाचं यकृत कामाला नुकतंच लागलेलं असतं, म्हणून बहुतेक बाळं थोडी पिवळी होतात आणि आपोआप सावरतात. पण हे बाळ उतरून पुन्हा चढलंय, आणि फार भराभर. म्हणजे यकृत मंद आहे एवढंच नाही. पेशीच जास्त मोडतायत. कशामुळे, ते मला हवंय.”

“आणि चढत राहिलं तर?” राणीने विचारलं. तिने विचारायच्या आधीच तिला उत्तर माहीत असावं.

“तर ते मेंदूत शिरतं. आधी कान जातात बहुधा. म्हणून थांबायचं नाही. दिव्यांनी लगेच उतरलं नाही तर रक्त बदलावं लागेल.” त्या सगळ्यांकडे वळल्या. “आई आणि बाळ दोघांचे रक्तगट तपासलेत, ते जुळतात. घरी नेल्यानंतर नवीन काय झालं? काही औषध दिलं? चाटवलं? अंगाला लावलं? कपड्यांत डांबरगोळ्या?”

“नाही,” सासूबाई म्हणाल्या.

“नाही,” मेहुणा म्हणाला.

“छे,” वहिनी म्हणाली.

तिन्ही उत्तरं सरळ, डोळ्याला डोळा भिडवून, आणि एका दमात. जावयाने आयुष्यात पुष्कळ खोटं ऐकलं होतं; पण इतकं निर्मळ खोटं ऐकलं नव्हतं. गोदाम स्वतःच्या हाताने पेटवणारा शेठसुद्धा आधी जरा घसा खाकरायचा. त्याला राणीचा राग आला, की ती गप्प का. मग राणीही मान हलवताना दिसली. नाही. तीही नाहीच म्हणत होती.

“खोटं बोलताय,” तो म्हणाला. आवाज व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेला. “सगळेच्या सगळे खोटं बोलताय. अहो, या घराच्या जिन्यावर पाय ठेवला की नाकात डांबरगोळी जाते! तुम्ही तिघं माझ्या मुलाच्या जिवावर घराची अब्रू झाकताय?”

“कसला वास?” मेहुणा म्हणाला.

“पुन्हा नाटक!”

“तोंड सांभाळून बोला. आमच्या घराला चार पिढ्या वास आहे, तो अत्तराचा आहे, जुन्या कपड्याचा आहे…”

“अरे, मला खरंच येत नाही,” राणी म्हणाली. ती रडत नव्हती. ती हुंगत होती. स्वतःचा पदर, स्वतःचं मनगट, आईची मांडी. “आई, गोळ्या आपण ट्रंकेत टाकतो. पण त्या ट्रंकेत असतात ना? बाळाला कुठे?”

तेव्हा वहिनी भिंतीला टेकली.

“थांबा,” ती म्हणाली. “मला यायचा.”

“काय यायचा?”

“वास. लग्न होऊन आले तेव्हा. पहिलं वर्षभर डोकं दुखायचं. मग गेला.” तिने जावयाकडे बघितलं, पहिल्यांदाच शत्रूसारखं नाही. “मला वाटलं, वास गेला. तो कुठला जातोय! मीच गेले. म्हणजे मीच त्यातली झाले.”

“मग बोलली का नाहीस इतकी वर्षं?” मेहुणा खेकसला.

“बोलले होते. तुमच्या बाबांनी विचारलं, सुनेला घर घाण वाटतं का? तुम्ही शेजारी बसून पान उलटत होता पेपरचं.”

जावयाचा राग एकदम पोकळ झाला. तीन माणसं खोटं बोलत नव्हती. माशाला पाण्याची चव विचारली तर तो काय सांगणार? वास फक्त एकाला येत होता, आणि त्या एकाने आपलं नाक वाचवायला तोंडाने श्वास घेतला होता. संशयितांच्या यादीत त्याला आता स्वतःचंही नाव घालावं लागलं. आणि वर घालावं लागलं.

सासूबाईंच्या मांडीवर शालीची घडी होती. बाळाला दिव्याखाली नेताना परिचारिकेने ती काढून त्यांच्या हातात दिली होती. जावयाने हात पुढे केला. त्यांनी दिली नाही, मग दिली. डॉक्टरबाईंनी ती नाकाजवळ नेलीसुद्धा नाही; डांबरगोळीचा वास हातभरावरूनच येत होता.

“ही किती वेळ अंगावर होती?”

“घरी आल्यापासून,” राणी म्हणाली.

“बरं,” डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि त्या ‘बरं’मध्ये बरं काहीच नव्हतं. “ऐका. बहुतेक बाळांना याने काही होत नाही. पण काहींच्या लाल पेशींत एक संरक्षक द्रव्य जन्मतः कमी असतं. जी-सिक्स-पीडी म्हणतात. अशा पेशींना डांबरगोळीची वाफ सोसत नाही. पेशी पटापट फुटतात. तपासायला पाठवते. पण उत्तर येईपर्यंत मी थांबणार नाही.”

“हे कुठून येतं?” मेहुण्याने विचारलं, जरा सावधपणे. “वडिलांकडून?”

“मुलाला आईकडून येतं. आईला स्वतःला सहसा काहीच होत नाही. ती फक्त पुढे देते.”

मेहुण्याचा चेहरा उतरला. आग आपल्याच मीटरपेटीत लागल्याचं कळल्यावर मालकाचा उतरतो तसा. खरं तर हा क्षण जावयाच्या विजयाचा होता. दोष सासरचा, शाल सासरची, गोळ्या सासरच्या. राणीने हात घट्ट धरला नसता तर कदाचित त्याने तो साजराही केला असता.

संध्याकाळपर्यंत बाळाचं रक्त बदललं. थोडं काढायचं, थोडं घालायचं, पुन्हा काढायचं. काचेतून राणीला ते बघवलं नाही, वहिनीने तिला मिठीत धरून बाकावर बसवलं. “रडू नकोस,” वहिनी म्हणत होती, “दूध आटेल,” आणि स्वतः रडत होती. मेहुणा आधी बायकोशी अबोला धरून उभा होता. मग पाण्याची बाटली घेऊन आला आणि ती दोघींच्या मधे ठेवून गेला. या घरात एवढी माफीसुद्धा मोठी मानतात.

सासूबाई बेसिनशी हात धूत होत्या. साबण लावत, धूत, हुंगत, पुन्हा लावत. जावई जाऊन शेजारी उभा राहिला.

“येतो का हो अजून?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“मला काय, आधीही येत नव्हता.” त्यांनी नळ बंद केला. “जावईबापू, आईकडून मुलाला, म्हणाल्या ना त्या? म्हणजे राणीला माझ्याकडून आलं.”

“बहुधा.”

“आणि माझ्या थोरल्याला?”

थोरला म्हणजे मेहुण्याच्या आधीचा. त्याच्याविषयी घरात कुणी बोलत नसे. जावयाला एवढंच माहीत होतं की तो झाला आणि गेला. दुपारी लेकाच्या प्रश्नाला आई का गप्प बसली होती, ते आता त्याला कळलं. त्याने ज्याला काडेपेटी समजून खिशात टाकलं होतं, ते कुणाचं तरी हाड होतं.

“तेव्हा तपासण्या नव्हत्या,” तो म्हणाला. “आज काही सांगता येत नाही.”

“कोपऱ्यावरचं गोदाम जळलं तेव्हा तुम्ही राखेवरून सांगितलंत काडी कुठे लागली ते. आणि मला सांगता येत नाही?”

त्याने खिशातला रुमाल काढून त्यांच्या ओल्या हातांपुढे धरला.

“शाल तीच होती,” सासूबाई म्हणाल्या. “असाच पिवळा होत गेला. असाच झोपाळू. मी ह्यांना म्हटलं, डॉक्टरला आणा. हे म्हणाले, उजाडू दे. उजाडलं तेव्हा माझ्या हातात काही नव्हतं. पुढे दोन पोरं झाली, तरी त्या दिवसापासून ह्यांचं अंथरूण खाली दुकानातच.”

जावयाला सासऱ्यांचं ते अंथरूण माहीत होतं, ट्रंकांच्या ओळीत, मुकुटांखाली. त्याला वाटायचं, म्हातारा चोरांना भितो. आणि तो हसायचा, की कागदी मुकुट चोरतं कोण.

“उशीर झालाच होता,” तो हळू म्हणाला. “आग कशाने लागली आणि विझवायला उशीर कुणी केला, ही दोन वेगळी कलमं असतात.”

“मी एकाच कलमात टाकली,” त्या म्हणाल्या. “सगळी त्यांच्या नावावर.”

तपासणीचं उत्तर आलं, ते डॉक्टरबाई म्हणाल्या तसंच. आकडा उतरला आणि पुन्हा चढला नाही. निघायच्या आधी बाळाच्या कानांत बारीक आवाज सोडून यंत्राने पाहिलं; दोन्ही कान जाब देत होते. राणी बाळाला घेऊन थेट स्वतःच्या घरी गेली, आणि राजाचा अंगरखा या हंगामात ठिगळाविनाच रंगमंचावर चढला.

मग जावयाने सवयीने शेवटचा हिशेब मांडला. मिळालं कुणाला? कुणालाच नाही, त्याच्या धंद्यात अशी आग त्याने पहिल्यांदाच बघितली. आता भरलं कुणी? बाळाने आपलं सगळं रक्त दिलं आणि दुसऱ्याचं घेतलं. मेहुण्याने गोळ्या फेकल्या, आणि महिन्याभरात दोन सेनापती आणि एक महाराणी कपड्यांना लागणाऱ्या कसरीने खाऊन टाकली. वहिनीला तिचं नाक परत मिळालं, सोबत डोकेदुखीही. जावयाच्या नावावर वास दडवल्याचं कर्ज चढलं, ते राणीने कधी मागितलं नाही, आणि म्हणून ते फिटलंही नाही. सासूबाईंकडे उभ्या जन्माचा एक राग होता, तो गेला. त्याच्या जागी ठेवायला त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं.

पण सगळ्यात मोठी भरपाई या कुणीच केली नव्हती. ती सासऱ्यांनी केली होती, ट्रंकांच्या ओळीत निजून, रात्रीमागून रात्र, मरेपर्यंत. उशिराचं कलम त्यांचं होतं. शालीचंही त्यांनीच भरलं, आणि एकदाही तक्रार केली नाही, कारण पोराचं सगळं मरण आपल्याच उशिराचं, असं तेही समजत होते.